वैशाखात भिजलेला सातपुडा

वैशाखात तुम्ही पालला गेलात तर काय दिसते? खिरोदा सोडून घाट चढू लागले की सागाची उघडी खोडे, वाळल्या पानांचा खच, आणि सुकी नदीच्या पात्रात नुसते गोटे. २०२५ च्या मे अखेरीस मी त्याच वाटेने गेलो, तो छत्री उघडूनच. मृग लागायला अजून पंधरा दिवस होते!

त्या वर्षी मोसमी पाऊस २४ मे रोजी केरळात आणि २६ मे रोजी मुंबईत आला. १९०१ पासूनच्या नोंदींत देशात इतका ओला मे महिना झाला नव्हता.

डोंगरात पडला तो आपला पाऊस नव्हे, असे सपाटीवर कोणी म्हणू नये. सातपुड्याच्या पायथ्याशी गोटे-वाळूचा जाड थर आहे. ओढ्यांचे पाणी त्यात जिरते आणि खाली रावेर-यावलच्या विहिरींना लागते. म्हणून तो पाऊस पाहून मला आनंद झाला, खोटे कशाला सांगू?

खाली उतरल्यावर तो आनंद राहिला नाही. एका बागेत घड लागलेली केळी आडवी झालेली. घरच्या बाई म्हणाल्या, “पाऊस चालला असता साहेब, वारा नको होता.”

त्यांचा मुलगा कोरडवाहू तुकड्यात कपाशी लावायला निघाला होता. शेजारी लावून मोकळा झाला होता. मी थांब म्हणालो. गुलाबी बोंडअळीचे कोष जमिनीत असतात; ओल मिळाली की पतंग निघतात. तेव्हा शेतात पात्या-फुले नसली तर त्यांची पिढी तिथेच खुंटते. आगाप कपाशी त्यांना आयते घर देते. शिवाय हा पाऊस टिकेल कशावरून? ७५ ते १०० मिलिमीटर होऊ दे, वाफसा येऊ दे, मग लाव.

मुलगा रागावला. मला नोकरीचे पहिले वर्ष आठवले. तेव्हा एकाला मीच ‘पेरा’ म्हणालो होतो; दुबार पेरणीचे बी त्याने उसनवारीने आणले. आजही तो भेटला की चहा पाजतो, आणि तो चहा मला गोड लागत नाही.

२९ मे नंतर मोसमी पावसाची चाल थांबली, ती जूनच्या मध्यापर्यंत. तेव्हा पुन्हा गेलो. शेजाऱ्याच्या शेतात नांगे पडले होते. बाई पडलेल्या केळीशेजारचे एकेक पील राखून बाकीची कापत होत्या. बियाण्याची पिशवी घरात तशीच होती. मुलगा मात्र माझ्याशी फारसे बोलला नाही.