एकच ‘मसाया’, सात संच

पोस्टाचीं तिकिटें, जुनीं नाणीं किंवा फुलपांखरें जमविणाऱ्यास कोणी हंसत नाहीं. कारण तेथें प्रत्येक वस्तु दुसरीहून निराळी आहे हें डोळ्यांना दिसतें. आमचा संग्रह मात्र पाहुण्यांस चमत्कारिक वाटतो. आमच्या कपाटाच्या एका खणांत हँडेलच्या ‘मसाया’ या एकाच संगीतरचनेचे सात संच आहेत. शब्द तेच, रचनाकार तोच. मग सात कशाला, असें आम्हांस नेहमीं विचारण्यांत येतें. गेल्या नाताळच्या सुमारास एका विद्यार्थ्याच्या वडिलांनीं हाच प्रश्न जरा निराळ्या रीतीनें केला. यांतील एकच संच शाळेला द्यावयाचा झाला तर आपण कोणता द्याल, असें त्यांनीं विचारलें. हा प्रश्न हंसण्यावारी नेतां येण्याजोगा नाहीं. सातांतून एक निवडावयाचा म्हणजे उरलेल्या सहांत मुलांना न देण्याजोगें काय आहे, तें सांगणें आलें. तें येथें सांगण्याचें योजिलें आहे.

प्रथम मूळ रचनेविषयीं थोडें. जॉर्ज फ्रेडरिक हँडेल हा 1685 सालीं जर्मनींतील हाले या गांवीं जन्मला व पुढें लंडनवासी झाला. ‘मसाया’, म्हणजे ज्याला आपण मशीहा म्हणतों तो, या विषयावरील शास्त्रवचनें चार्ल्स जेनेन्स या गृहस्थानें निवडून दिलीं आणि हँडेलनें 1741 सालच्या आगस्ट-सप्टेंबरांत अवघ्या चोवीस दिवसांत त्यांस स्वर दिले. या प्रकारास ऑरेटोरियो म्हणतात. वेष, पडदे व अभिनय यांवांचून नुसतें गाऊन सांगितलेलें हें आख्यान. आपल्या कीर्तनांतील आख्यानाशीं त्याचें थोडें साम्य आहे. यशयाच्या चाळिसाव्या अध्यायांतील सांत्वनानें त्याचा आरंभ होतो, आणि शेवटीं सर्व गायकवृंद ‘आमेन’ या एकाच शब्दावर स्वरांचें मोठें मंदिर उभारतो.

पहिला प्रयोग 13 एप्रिल 1742 रोजीं डब्लिन शहरीं झाला. सभागृहांत सुमारें सातशें माणसें बसावीं म्हणून स्त्रियांनीं घेरदार झग्यांतील कड्या व पुरुषांनीं कमरेच्या तलवारी घरीं ठेवून यावें, अशी आगाऊ विनंति करण्यांत आली होती. उत्पन्न धर्मादाय होतें. त्यांतून दोन रुग्णालयांस मदत मिळाली आणि कर्जापायीं तुरुंगांत पडलेले 142 कैदी सुटले. पुढें लंडनच्या फाउंडलिंग हॉस्पिटलसाठीं, म्हणजे टाकून दिलेल्या अर्भकांच्या आश्रमासाठीं, हँडेल 1750 पासून या रचनेचे प्रयोग करूं लागला. मृत्युपत्रानें त्यानें तिची एक प्रतही त्या आश्रमास दिली. आम्हांस या रचनेविषयीं जी आपुलकी वाटते, तींत या कैद्यांचा व पोरक्या मुलांचा वाटा बराच आहे.

आतां ‘कंडक्टर’ या प्राण्याविषयीं. मोटारींत तिकिटें फाडणाऱ्या गृहस्थाशीं त्याचा संबंध नाहीं. वाद्यवृंद व गायकवृंद यांच्यापुढें उभा राहून हातांतील काडीनें जो सर्वांस चालवितो, तो कंडक्टर. त्याला आपण चालक म्हणूं. तो स्वतः एकही स्वर काढीत नाहीं. तरी स्वर किती जलद यावा, किती जोरानें यावा, कोठें किंचित् थांबावें, हें सारें त्याच्या इच्छेवर असतें. भजनाच्या फडांत पुढच्या टाळकऱ्याची मान हालते तशी मागच्या पन्नास जणांची लय हालते, तसेंच हें. आपल्या संगीतांत एकच राग दोन गवई दोन तऱ्हांनीं गातात याचें आम्हांस नवल वाटत नाहीं, कारण तेथें स्वर लिहिलेले नसतात. येथें मात्र ते कागदावर लिहिलेले असूनही दोन चालकांचे ‘मसाया’ दोन भावंडांइतके निराळे निघतात. कागदावर शब्द लिहिलेला असतो, पण तो शब्द उच्चारणाऱ्याचा गळा लिहिलेला नसतो.

शिवाय किती माणसांनीं गावें हेंही चालकावरच. फाउंडलिंग हॉस्पिटलमधील 1754 च्या प्रयोगाचा हिशेब उपलब्ध आहे. त्यावेळीं वादक अडतीस व गायकवृंद एकोणीस जणांचा होता. त्या एकोणिसांत सहा राजमंदिरांतील बालगायक. हँडेलच्या पश्चात् मात्र इंग्रज लोकांनीं या रचनेस मेद चढविला. 1784 सालीं वेस्टमिन्स्टर अॅबेमध्यें पांचशेंहून अधिक कलावंत जमले, आणि 1857 सालीं लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्यें दोन हजार गायक व पांचशें वादक! मोझार्टसारख्या थोर पुरुषानेंही 1789 सालीं व्हिएन्नांतील प्रयोगासाठीं तींत नवीं वाद्यें भरलीं होतीं. आमच्या सात संचांचा खरा झगडा आहे तो येथें: एकोणीस कीं दोन हजार?

या झगड्यांत पहिलें पाऊल सर टॉमस बीचम यांनीं टाकलें. आजोबांच्या औषधी गोळ्यांवर मिळालेला घराण्याचा पैसा संगीतांत ओतणारे हे विक्षिप्त व विनोदी गृहस्थ. त्यांनीं 1927 सालीं बहुतेक सबंध ‘मसाया’ ध्वनिमुद्रित केला. विजेच्या साह्यानें ध्वनिमुद्रण सुरू होऊन त्यावेळीं दोनच वर्षें झालीं होतीं. त्या काळीं रूढ झालेल्या जड चालीपेक्षां त्यांची गति चपळ होती व गायकही कमी होते. त्या तबकड्या लाखेच्या. किड्यांची ही लाख आपल्याच देशाच्या जंगलांतून फांद्यांवरून खरवडून जात असे, हें विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावें; जगाचें संगीत बरींच वर्षें आपल्या लाखेवर कोरलें गेलें. तबकडीच्या एका बाजूवर चार-साडेचार मिनिटें मावत. म्हणजे गाणें रंगांत आलें कीं उठून तबकडी उलटावी लागे. बीचमचा हा संच चुरचुरतो, पण त्यांत एका माणसानें धूळ झटकून खिडकी उघडल्याचा आनंद आहे.

आणि याच बीचमनीं 1959 सालीं काय करावें? त्यांनीं युजीन गूसेन्स यांनीं सजविलेली आवृत्ति घेऊन झांजा, त्रिकोण, ट्राँबोन असा सगळा बँड ‘मसाया’च्या दारांत उभा केला. ‘हालेलूया’ ऐकतांना राज्यारोहणाची मिरवणूक घरावरून चालली आहे असें वाटतें. मुलांना हा संच सर्वांत आवडतो, हें आम्हीं पाहिलें आहे. आम्हांसही आवडतो, परंतु लग्नाच्या जेवणासारखा, वर्षांतून एकदां.

ओटो क्लेंपेररचा 1964 चा संच याच्या अगदीं उलट. तो पर्वतासारखा हालत नाहीं. आदर वाटतो, पण पायथ्याशींच थकवा येतो. त्याविषयीं येथें अधिक लिहीत नाहीं.

सर माल्कम सार्जंट यांचा 1946 चा संच ही मात्र निराळी गोष्ट आहे. त्यांत लिव्हरपूलचा वाद्यवृंद व हडर्सफील्ड कोरल सोसायटीचा गायकवृंद आहे. हडर्सफील्ड हें यॉर्कशायरांतील लोंकरीच्या गिरण्यांचें गांव. ही मंडळी 1836 सालापासून तेथें गात आहे आणि तिच्यांतील गायक पोटासाठीं गाणारे नव्हेत. दिवसां आपापला धंदा करून संध्याकाळीं तालमीस येणारे. आजचे पंडित या ध्वनिमुद्रणांत शेंकडों दोष काढतील. वृंद फार मोठा, चाल मंद, वाद्यें हँडेलनें न सांगितलेलीं. सर्व खरें. पण 1946 म्हणजे महायुद्ध संपून जेमतेम एक वर्ष झालें होतें. ईयोबाच्या ग्रंथांतील उद्धारकाविषयींचें वचन इझोबेल बेली गाऊं लागते तेव्हां तो स्वर इतका सरळ व निष्कपट असतो कीं, ज्या घरांतील माणूस युद्धांतून परत आला नाहीं त्या घरासाठींच ती गात आहे, असें आमच्या मनांत आल्यावांचून राहत नाहीं. या वृंदाला ग्रंथ आजीकडून मिळालेल्या ओवीसारखा पाठ आहे. विद्वत्ता ज्याला मेद म्हणते, त्यांतील कांहीं भाग श्रद्धेचा असतो काय, हा प्रश्न या संचानें आमच्यापुढें टाकला आणि तो अजून सुटलेला नाहीं.

सर एड्रियन बोल्ट यांचा 1954 चा संच मूळ वाद्ययोजनेकडे वळण्याच्या आरंभींच्या यत्नांपैकीं. तो नीटनेटका आहे. पण बोल्ट यांची योग्यता आम्हांस कळली ती दुसऱ्याच एका लहान तबकडीवरून, आणि ती हकीकत सांगितल्यावांचून पुढें जावत नाहीं. कॅथलीन फेरियर ही पूर्वीं टेलिफोनच्या कचेरींत काम करणारी मुलगी. आपल्या खोल, गंभीर आवाजामुळें ती इंग्लंडची लाडकी गायिका झाली. तिला कर्करोग जडला. 1952 च्या आक्टोबरांत बोल्ट यांच्या साथीनें तिनें बाख व हँडेल यांचीं कांहीं गीतें मुद्रित केलीं, त्यांत यशयाच्या त्रेपन्नाव्या अध्यायावरील ‘मसाया’चें गीत होतें. दुःखांशीं परिचित अशा पुरुषाविषयींचें तें गीत. पुढल्याच आक्टोबरांत ती वारली; वय अवघें एकेचाळीस.

पुढें दोन बाजूंनीं ऐकूं येणारें नवें ध्वनिमुद्रण निघालें आणि जुन्या तबकड्या फिक्या वाटूं लागल्या. तेव्हां 1960 सालीं कंपनीनें एक धाडस केलें. फेरियरचा जुना आवाज तसाच ठेवून बोल्ट यांनीं वाद्यवृंदाकडून साथ पुन्हां नव्यानें वाजवून घेतली. विचार करा! चालकाचें काम गायकास चालविण्याचें. येथें गायिका मृत, तिचा प्रत्येक श्वास ठरलेला, आणि सत्तरी ओलांडलेला चालक त्या श्वासापाठोपाठ पावलें टाकतो आहे. कोणी यास कृत्रिम खटाटोप म्हणेल. आमच्याजवळ दोन्ही रूपें आहेत. नवें अधिक स्वच्छ आहे. जुन्यांत गायिका व वादक एकाच खोलींत, एकाच हवेंत आहेत. आम्ही जुनेंच लावतों. तथापि नव्यांतील बोल्ट यांचा संयम ऐकावा असाच आहे. आपण दिसूं नये याची इतकी काळजी घेणारा चालक क्वचित् आढळतो.

1966 च्या कॉलिन डेव्हिस यांच्या संचानें एकोणिसांच्या पक्षास बळ दिलें. लहान वृंद, चपळ चाल, एकट्या गायकांनीं स्वरांस घातलेले नाजुक अलंकार. आमच्या मतें सातांत सर्वांत निर्दोष हाच. एखादा मित्र पहिल्यानेंच ही रचना ऐकण्यास आला तर आम्ही त्यास हाच ऐकवितों.

राहिला ख्रिस्तोफर हॉगवुड यांचा 1980 चा संच. यांनीं फाउंडलिंग हॉस्पिटलमधील 1754 ची आवृत्तीच उभी केली. तांतीच्या तारांचीं व्हायोलिनें, पडद्या-कळा नसलेले लांब कर्णे, आणि सगळा स्वर आजच्यापेक्षां सुमारें अर्ध्या स्वरानें खालीं. गायकवृंदांत उंच स्वर गाण्यास स्त्रिया नाहींत. ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्च मंदिरांतील शाळकरी मुलें आहेत. त्यांचा आवाज पातळ आहे, कोठें कोठें कडा धारदार आहेत. ‘हालेलूया’ या संचांत छपरास भिडत नाहीं. या गीताच्या वेळीं दुसरा जॉर्ज राजा उठून उभा राहिला अशी जी आख्यायिका आहे, तिला त्या काळचा लेखी पुरावा नाहीं. आणि हॉगवुडचें ‘हालेलूया’ ऐकतांना राजाची आठवणही होत नाहीं. आठवण होते ती ज्यांच्या खर्चासाठीं हें गाणें चाललें होतें त्या बिननांवाच्या लेंकरांची, व त्यांच्याच वयाच्या त्या सहा बालगायकांची.

तेव्हां आमचें उत्तर असें कीं, शाळेस हॉगवुडचा संच द्यावा. डेव्हिसचा अधिक निर्दोष, बीचमचा अधिक मौजेचा, हें मान्य. परंतु आमच्या शाळेंत बारा-तेरा वर्षांचीं मुलें आहेत, व थोरांचें संगीत म्हणजे मोठ्या माणसांनीं मोठ्या दिवाणखान्यांत करावयाची गोष्ट, अशी त्यांची समजूत असते. आपल्याच वयाचा मुलगा, आपल्यासारखाच श्वास चोरून, अवघड तान पार करतांना त्यांना ऐकूं येईल तो याच संचांत. हल्लीं हे सातही ‘मसाया’ खिशांतील यंत्रावर बसल्या जागीं ऐकतां येतात. मग ज्या मुलास आमचा निर्णय पटणार नाहीं त्यानें उरलेले ऐकून आमच्याशीं अवश्य भांडावें. एक गीत घ्यावें, तेंच सातदां ऐकावें, आणि प्रत्येक वेळीं एकाच गोष्टीकडे कान द्यावा: एकदां श्वासाकडे, एकदां कर्ण्याकडे, एकदां शब्दाच्या शेवटच्या व्यंजनाकडे.

संच तीन तबकड्यांचा आहे व मिनिटास सवातेहतीस नव्हे, तर तेहतीस व एक तृतीयांश फेऱ्यांच्या गतीनें लावावयाचा. शाळेच्या जुन्या यंत्रावर लाखेच्या तबकड्यांची जाड सुई बसविलेली आहे. ती काढून बारीक बसविल्याखेरीज कोणी हात लावूं नये. पुसण्यास मऊ कापड आम्ही सोबत पाठवीत आहों. सार्जंटचा संच मात्र कपाटांतच राहील. बेलीच्या गीताची तबकडी आतां चरे पडून झिजली आहे, आणि ती दुसऱ्याच्या हातीं देण्यास आमचें मन होत नाहीं.