आधी पाण्याची वाट, मग झाड

माझं माहेर रोह्याचं, सासर पेणचं. मधे नागोठणं. दोन्ही घरांना परस आहे आणि दोन्हीकडे पाऊस भरपूर. रायगड जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो, तोही जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. तरीही रोह्याला आपसूक फुलणारं झाड पेणला रुसून बसतं. याचं कारण मला सासूबाईंनी दाखवलं.

रोह्याचं घर डोंगरउताराला आहे. माती तांबडी, मुरमाड. मोठी सर येऊन गेली तरी थोड्या वेळात अंगणात चालता येतं. तिथला बाबांचा अनंत फारसं काही न करता पावसाळ्याच्या तोंडाशी पांढऱ्या फुलांनी भरतो. पिढ्यान्‌पिढ्यांच्या पावसानं त्या मातीतला चुना धुऊन नेलेला, म्हणून ती आंबट. अनंताला नेमकी तशीच माती लागते.

पेणचं परस सखल आहे. गावाच्या पश्चिमेला खाडी, खारबंदिस्तीचे बांध, भाताची खाचरं. आमची माती काळसर, चिकट आणि उन्हाळ्यात बोअरचं पाणी मचूळ होतं. रोह्याहून आणलेल्या अनंताची पानं इथे पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या. खत वाढवावं का, असं विचारलं, तर सासूबाई म्हणाल्या, "खताचं राहू दे गं. पाणी येतं कुठनं नि जातं कुठं, ते बघ आधी."

मग आषाढातल्या पावसात त्या मला छत्री घेऊन परसात घेऊन गेल्या. कुठे तळं साचतं, कुठून धार वाहते, भिंतीच्या कडेला पाणी कुठे अडतं, हे सगळं फिरून दाखवलं. त्या पावसाळ्यानंतर आम्ही कुंपणाच्या कडेनं ओहोळापर्यंत चर काढला. आंब्याला मीटरभर लांब-रुंद-खोल खड्डा घ्यावा असं सांगतात. उताराच्या मातीत ते योग्यच आहे, पण चिकट मातीत तोच खड्डा पावसाळ्यात हौद होतो आणि मुळं गुदमरतात. म्हणून आम्ही शेणखत, पालापाचोळा आणि माती यांचे उंचवटे केले नि झाडं त्यांवर लावली. पपईला तर हे हवंच. मुळाशी दोन दिवस पाणी राहिलं तरी ती जाते.

झाडं निवडतानाही जागा पाहिली. नारळ आणि चिकू थोडा खार सोसतात, म्हणून ते सखल बाजूला. आंब्याला खार मानवत नाही, त्याच्या पानांची टोकं करपतात, म्हणून तो सगळ्यांत उंच कोपऱ्यात. अनंत मोठ्या कुंडीत, रोह्याच्या तांबड्या मातीत. उन्हाळ्यात त्याला पिंपात साठवलेलं पावसाचं पाणी. जास्वंद मात्र चराच्या काठावरही आनंदात आहे. पेणमध्ये भाद्रपदात घराघरांत लाल जास्वंदीची गरज असते, आणि आमच्या परसातली फुलं शेजारच्या चार घरी जातात.

चार महिने पाणी काढून द्यायचं आणि उरलेले आठ महिने ओल राखायची, अशी इथली बाग आहे. दिवाळीनंतर आळ्यांमध्ये भाताचा पेंढा आणि वाळकी पानं जाड पसरतो. पण सगळ्यांनाच पाणी चालू ठेवायचं नसतं. मोगऱ्याचं पाणी थंडीत तोडायचं, छाटणी करायची, मग शेणखत घालून पुन्हा पाणी सुरू करायचं. ऊन तापू लागलं की कळ्या धरतात. फळत्या आंब्यालाही पावसाळा सरल्यावर कोरडं ठेवायचं. पाऊस लांबला, जमीन ओली राहिली, तर मोहोराच्या जागी पालवी फुटते. कोवळ्या कलमांना मात्र पहिली काही वर्षं उन्हाळ्यात पाणी द्यावंच लागतं.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा पाण्याचा हा हिशेब वेगळ्याच रीतीनं समोर आला. श्रीवर्धन, मुरुडकडच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. आमच्या पेणच्या परसात सखल जागचा जुना आंबा मुळासकट उलथला. त्याची मुळं पसरलेली होती, पण उथळ. ओलीच्या खाली हवा नाही, म्हणून ती खोल गेलीच नव्हती. रोह्याला जागेवर कोय रुजवून नंतर कलम बांधलेला आंबा फांद्या गमावूनही उभा राहिला. त्याचं सोटमूळ मुरमात उतरलेलं होतं. पेणला कलती झालेली लहान झाडं आम्ही छाटून, सरळ करून, टेकू देऊन पुन्हा मातीत धरली. मोडलेल्या जागी बोर्डो पेस्ट लावली. चिकूनं त्यातून छान उभारी धरली.

आता कुणी नवं घर बांधलं आणि परसात काय लावू म्हणून विचारलं, की मी झाडाचं नाव सांगत नाही. एक पावसाळा नुसता बघा म्हणते. भर पावसात परसात उभं राहा, तळं कुठे होतं तिथे खूण करा, वैशाखात त्याच जागी मातीला भेगा पडतात का ते पाहा, विहिरीचं पाणी चाखा. वर्षभराचा उशीर वाटतो, पण आंबा-फणस पुढच्या पिढीपर्यंत राहतात. त्यांच्यासाठी एवढं थांबणं आपलं काम आहे.