परळीचे अमृत आणि अश्वत्थाम्याची जखम

बीड जिल्ह्यात पुराणकथांनी जी ठिकाणे धरून ठेवली आहेत, त्यांतल्या अनेक ठिकाणी माणूस आणि मृत्यू समोरासमोर उभे ठाकलेले दिसतात. बालाघाटच्या डोंगररांगेतील परळी येथील वैद्यनाथ हा बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक मानला जातो (झारखंडातील देवघरही हा मान आपला म्हणून सांगते). त्याची क्षेत्रकथा अशी की समुद्रमंथनातून वर आलेले धन्वंतरी आणि अमृत विष्णूने शिवलिंगात दडवले. असुरांनी लिंगाला हात लावताच त्यातून ज्वाळा उठल्या आणि भक्तांनी लावताच अमृताची धार वाहिली, म्हणून येथे लिंगाला प्रत्यक्ष स्पर्श करून दर्शन घेण्याची रीत पडली. यमाच्या पाशातून सुटलेल्या मार्कंडेयाची आणि सावित्रीने परत मिळवलेल्या सत्यवानाची कथाही स्थानिक श्रद्धा परळीच्याच परिसरात घडवते. बीड शहरातील जटाशंकराच्या देवळाशी मात्र वेगळी आठवण जोडलेली आहे: रावणाशी झुंजून पंख गमावलेल्या जटायूने येथे प्राण सोडला, असे बीडचे लोक मानतात.

परळीच्या या कथांत जगणे लाभते ते कृपा म्हणून. आयुष्य हेच ज्याला शिक्षा म्हणून मिळाले, असा पुरुष शोधू लागले की भारतीय परंपरेत पहिले नाव येते द्रोणपुत्र अश्वत्थाम्याचे. सात चिरंजीवांची, म्हणजे कधीही न मरणाऱ्या सात जणांची, नावे सांगणारा जो संस्कृत श्लोक मराठी घरांत प्रातःस्मरणात आणि वाढदिवसाच्या औक्षणाच्या वेळी म्हटला जातो, त्यातही पहिले नाव त्याचेच आहे आणि आठवे मार्कंडेयाचे. लहान मुलाला दीर्घायुष्य चिंतताना ज्याचे आयुष्य हाच शाप आहे त्याचे स्मरण प्रथम करावे, ही गोष्ट सहसा कुणाला खटकत नाही. ती खटकावी आणि तिच्यापाशी थोडे थांबावे, इतकी ती महत्त्वाची आहे.

शापित अमर पुरुष ही कल्पना आज नव्या पिढीला बहुधा संगणकावरील खेळांच्या कल्पित जगांत भेटते. 1999 मध्ये आलेल्या ‘प्लेनस्केप: टॉरमेंट’ या खेळाचा निनावी नायक मरतो आणि पुन्हा उठतो, पण मरणाबरोबर त्याच्या आठवणी पुसल्या जातात, 2011 च्या ‘डार्क सोल्स’मध्ये शापाची खूण उमटलेली माणसे मरू शकत नाहीत आणि हळूहळू भान गमावत जातात. अशा खेळांत पूर्वकथेला, म्हणजे खेळ सुरू होण्याआधी त्या पात्राच्या आयुष्यात जे घडून गेले त्याला, फार महत्त्व असते, कारण शाप का लागला हे कळल्याखेरीज खेळणाऱ्याला त्या पात्राची कणव येत नाही. या नायकांना निदान विस्मृतीची तरी सोबत आहे. अश्वत्थाम्याला विसरण्याची सवलत महाभारताने दिलेली नाही.

त्याची पूर्वकथा आदिपर्वात येते आणि ती दारिद्र्याची आहे. द्रोणाने ती स्वतः भीष्माला सांगितली आहे: श्रीमंतांची मुले दूध पिताना पाहून लहानगा अश्वत्थामा रडू लागला, बापाने गावोगाव हिंडून गाय मिळवण्याचा प्रयत्न केला, पण ती मिळाली नाही, मग इतर मुलांनी पाण्यात पीठ कालवून ते दूध म्हणून त्याला पाजले आणि तो पोर ‘मी दूध प्यायलो’ म्हणून आनंदाने नाचू लागला, तेव्हा भोवतालचे लोक द्रोणाच्या गरिबीला हसले. त्या हसण्याने पेटलेला द्रोण बालमित्र द्रुपदाच्या दाराशी गेला, तेथे अपमान पदरी घेऊन हस्तिनापुरास आला आणि कुरुकुलाच्या राजपुत्रांचा आचार्य झाला. द्रोण-द्रुपद वैर, त्या वैरासाठी यज्ञातून जन्मलेला धृष्टद्युम्न, त्याच्या हातून झालेला द्रोणवध आणि त्या वधाच्या सुडासाठी अश्वत्थाम्याने घातलेला रात्रीचा घाला, ही सगळी साखळी पिठाच्या पाण्याच्या त्या वाटीपर्यंत मागे नेता येते. कोणत्याही खेळाच्या लेखकाला हेवा वाटावा असा हा आरंभ आहे.

त्या घाल्याची कथा सांगणारे पर्व ते सौप्तिकपर्व, म्हणजे झोपलेल्यांच्या वधाचे पर्व. बीड जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून वाहणाऱ्या गोदावरीच्या काठी, पैठणच्या एकनाथांच्या घराण्यात झालेल्या मुक्तेश्वराने सतराव्या शतकात महाभारत ओवीत आणले, आणि त्याची जी मोजकी पर्वे आज उपलब्ध आहेत त्यांत सौप्तिकपर्व आहे, ही मराठी वाचकाच्या भाग्याची गोष्ट म्हणावी लागेल. मांड्या फुटून पडलेल्या दुर्योधनाला पाहून आलेला अश्वत्थामा वडाखाली जागा असताना एका घुबडाने निजलेल्या कावळ्यांना मारल्याचे पाहतो आणि तोच धडा घेऊन पांडवांच्या शिबिरात शिरतो. धृष्टद्युम्न, शिखंडी आणि द्रौपदीचे पाचही मुलगे त्या रात्री मारले जातात. पुढे पाठलाग करणाऱ्या पांडवांवर तो ब्रह्मशिर अस्त्र सोडतो, आणि ते मागे घेण्याची शक्ती त्याच्यात नसल्यामुळे पांडवांच्या स्त्रियांच्या गर्भांवर ते वळवतो. उत्तरेच्या पोटातील परीक्षित त्याने मृत होऊन जन्मतो, आणि कृष्ण त्याला जिवंत करतो.

शाप देणाराही कृष्णच. त्याने उच्चारलेला शाप मुळातून वाचला तर त्यात अमरत्वाचा शब्द नाही, तीन हजार वर्षांची मुदत आहे. त्या काळात त्याने निर्जन प्रदेशांत, पू आणि रक्ताचा दर्प अंगावर घेऊन, सर्व व्याधींनी ग्रासलेला असा एकट्याने भटकायचे आहे आणि कुणाशी संवाद म्हणून होणार नाही. ज्या कृष्णाने न जन्मलेल्या बाळाला आयुष्य दिले, त्यानेच त्या बाळाच्या मारेकऱ्यालाही आयुष्य दिले. फरक एवढाच की बाळाला आई होती, आजी होती, सांभाळायला अख्खे राज्य होते, आणि अश्वत्थाम्याला कुणीही नव्हते. त्याच्या मस्तकावरील मणीही या प्रसंगी काढून घेतला जातो, आणि त्या मण्याचा गुण महाभारत सांगते तो असा की जो तो धारण करील त्याला शस्त्राचे, रोगाचे आणि भुकेचे भय राहत नाही. भुकेच्या पोटी पिठाचे पाणी प्यालेल्या मुलाकडे हा मणी असावा आणि तोच त्याला द्यावा लागावा, ही व्यासांची योजना मनाला फार लागते.

इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’मध्ये (1967) द्रोण आणि अश्वत्थामा या पितापुत्रांकडे स्वधर्म सोडलेली माणसे म्हणून पाहिले; ब्राह्मण जन्मून त्यांनी क्षत्रियाचे कर्म घेतले आणि त्या कर्माची मर्यादा मात्र पाळली नाही. हे परीक्षण कठोर आहे आणि बव्हंशी खरेही आहे, कारण झोपलेल्यांना मारणाऱ्याची बाजू कोणत्याही न्यायासनासमोर टिकणार नाही. तरीही लोकमानसाने शिक्षा मान्य करूनही अपराध्याला टाकले नाही, याकडे अभ्यासकांनी अधिक लक्ष द्यायला हवे. भागवत पुराणात अर्जुन तलवारीने मणी कापून घेतो, आणि लोककथेने तेथे एक कधीच न भरणारी जखम पाहिली. त्या जखमेवर घालण्यासाठी अश्वत्थामा दारोदार तेल मागत फिरतो, असे महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. नर्मदेच्या परिक्रमेला गेलेले लोकही शूलपाणीच्या झाडीत तो भेटल्याच्या कथा घेऊन परततात. नंदुरबार जिल्ह्यातील धडगाव परिसरात, सातपुड्यातील अस्तंभा या तेराशे मीटरहून उंच शिखरावर, दिवाळीच्या दिवसांत आदिवासी बांधवांची मोठी यात्रा भरते, आणि ते स्थान अश्वत्थाम्याचे मानले जाते. ज्याच्याशी कुणी बोलणार नाही असे ठरले होते, त्याला भेटायला माणसे रात्र-रात्र डोंगर चढतात. ग्रंथाने त्याला माणसांतून हद्दपार केले आणि लोकांनी तेलाच्या निमित्ताने आपल्या उंबऱ्यापर्यंत परत आणले.

म्हणूनच जटायूची आठवण जपणाऱ्या बीडमध्ये बसून अश्वत्थाम्याचा विचार केला तर मृत्यूचे मोल वेगळे कळते. जटायूचे डोके शेवटच्या क्षणी रामाने मांडीवर घेतले आणि त्याचे अंत्यसंस्कार पुत्राने करावेत तसे केले. मरण त्याला मिळाले, पण ते कुणाच्या तरी सोबतीत मिळाले. अश्वत्थाम्याला जगणे मिळाले आणि सोबत गेली. अमृताचा साठा परळीच्या लिंगात आहे असे मानले, तरी अश्वत्थाम्याचा प्रश्न त्याने सुटत नाही, कारण आयुष्य त्याच्याकडे पुरून उरले आहे. त्याला हवा आहे तो धन्वंतरी, जखम पाहणारा आणि तिला हात लावणारा. क्षेत्रकथेने अमृताबरोबर वैद्यालाही त्याच लिंगात ठेवले, ही तिची समज खोल आहे.

2024 च्या ‘कल्की 2898 एडी’ या चित्रपटात अमिताभ बच्चन यांनी अश्वत्थामा साकारला, आणि यापुढे चित्रपटांत, चित्रकथांत व खेळांत तो वारंवार येत राहील अशी चिन्हे आहेत. त्याचे अस्त्र, त्याचा मणी, त्याची अवाढव्य काया यांचे आकर्षण सहज समजण्याजोगे आहे. परंतु मराठीत जो कुणी लेखक किंवा खेळ घडवणारा तरुण त्याला नव्याने उभा करू पाहील, त्याने सौप्तिकपर्वाआधी आदिपर्व वाचावे आणि अस्तंभ्याची यात्रा एकदा पायी करावी; वाटीतले पिठाचे पाणी आणि दारी मागितलेले तेल, या दोन गोष्टी त्याच्या कथेतून कृपया गाळू नयेत.