मात्रा तेवढी सांभाळ

समुद्रमंथनातून निघालेले अमृत धन्वंतरीसह आमच्या परळीच्या वैजनाथाच्या लिंगात दडले, अशी कथा आहे. आमच्या आत्याबाईंना मात्र विषच अमृत ठरले! त्यांच्या हृदयात कृत्रिम झडप आहे. तिच्यावर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून रोज वॉरफेरिन. १९४८ साली हे उंदरांचे विष म्हणून बाजारात आले आणि १९५४ मध्ये माणसांचे औषध झाले. कमी पडले तर गुठळी, जास्त झाले तर रक्तस्राव. म्हणून रक्ततपासणी ठरल्या दिवशी, मेथी-पालक नेहमी सारख्याच बेताने, आणि डोके दुखले तरी अ‍ॅस्पिरिन मनाने नाही. हिरड्यांतून रक्त आले, शौचास काळे झाले, की फराळ सोडून आधी दवाखाना! धनत्रयोदशीला धन्वंतरीपुढे धने-गूळ ठेवताना आत्याबाई म्हणतात, "देवा, अमृत नको, मात्रा तेवढी सांभाळ."