आदल्या दिवशीचे आवतण

पोळ्याच्या आदल्या सायंकाळी विदर्भातील शेतकरी बैलांचे खांदे शेकतो. जू वाहून घट्टे पडलेल्या त्या खांद्यांना तो तूप-हळद चोळतो आणि उद्याच्या जेवणाचे आवतण बैलाच्या कानात सांगतो. पोळा झाला की दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला, मुलांचा तान्हा पोळा येतो. नागपूरचे दुसरे रघूजी भोसले यांनी तो १८०६ मध्ये सुरू केला, असे सांगतात. मुले लाकडी नंदी सजवून घरोघर नेतात आणि बोजारा मिळवितात.

वर्धा-नागपूर लोहमार्गावरील सिंदी (रेल्वे) या गावाचा तान्हा पोळा साऱ्या विदर्भात प्रसिद्ध आहे. तळहातावर मावणाऱ्या नंदीपासून चाकांवर ओढाव्या लागणाऱ्या मोठमोठ्या नंदीपर्यंत नाना आकारांचे नंदी रस्त्यावर येतात. ढोल-ताशांचा गजर होतो आणि माणसांची दाटी होते.

या गावातील एका घरी दोन भावंडे होती. बहीण बारा वर्षांची, भाऊ आठ वर्षांचा. भाऊ फार थोडे बोले. पण आपल्या लाकडी नंदीची झूल रोज नीट घडी घालून ठेवी. एका वर्षी आईने त्याला नवे कपडे घालून मिरवणुकीत नेले. ताशा कडाडताच त्याने दोन्ही कान दाबून धरले आणि रस्त्यातच बसकण मारली. लोक म्हणाले, “किती हट्टी मूल!” बहिणीची मान खाली गेली. तिने त्याचा हात ओढला, तो सुटून पळाला. तासाभराने तो गोठ्यात, गव्हाणीच्या आड थरथरत बसलेला सापडला. नंदी मात्र गर्दीत कोठे गेला, ते कळले नाही.

रात्री बहीण रागाने आजोबांना म्हणाली, “आबाजी, ह्याला पुढच्या वर्षी घरीच ठेवा.”

आबाजी म्हणाले, “आपला ढवळ्या पहिल्या पोळ्याला ढोल ऐकून दावे तोडून पळाला होता. त्याला कोणी हट्टी म्हटले नाही. मी त्याला दोन दिवस आधी रिकाम्या रस्त्याने हिंडवून आणू लागलो, तेव्हा तो तोरणाखाली उभा राहिला. बैलाला आपण आदल्या दिवशी आवतण देतो. ह्या पोराला कोणी दिले होते?”

डॉक्टर या मुलाच्या प्रकृतीला स्वमग्नता म्हणतात. अमेरिकेतील डॉक्टर लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये अशा ११ मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले. सुपात धान्य पाखडावे तसे आपले मन नको ते आवाज बाजूला सारते. पुष्कळ स्वमग्न मुलांना हे पाखडणे साधत नाही. धान्य, कोंडा आणि खडे एकदमच अंगावर येतात. टेंपल ग्रँडिन या अमेरिकेतील पशुविज्ञानाच्या प्राध्यापिका स्वतः स्वमग्न आहेत. वाटेत लोंबणारी साखळी, जमिनीवरची सावली किंवा अचानक झालेला आवाज यांनी गुरे का बिचकतात, हे त्यांनी ओळखले. गुरांना भिवविण्यापेक्षा वाट बदलावी, असे त्यांनी लोकांना शिकविले.

पुढील श्रावणात त्या घरात तयारी निराळी झाली. आबाजींनी नवा नंदी आणला. बहिणीने कागदावर चित्रे काढली : घर, पहिला ओटा, दुसरा ओटा, तिसरा ओटा आणि पुन्हा घर. रोज पहाटे ती भावाला त्या निवांत वाटेने नेऊन आणी. गोंगाटाच्या कारखान्यात कामगार कानांवर लावतात तसली झाकणे आईने आणली. टोचणारा नवा सदरा राहू दिला. जुनाच मऊ सदरा धुऊन ठेवला. दोघांत एक खूणही ठरली. भावाने मनगटावर दोनदा टिचकी मारली की लगेच घरी परतायचे. आदल्या रात्री बहिणीने त्याच्या कानात हळूच सांगितले, “उद्या तान्हा पोळा. तीन घरे. मग घर.”

दुसऱ्या दिवशी मिरवणूक निघण्यापूर्वीच दोघे बाहेर पडली. पहिल्या ओट्यावर एक नाणे मिळाले, दुसऱ्यावर एक, तिसऱ्यावर एक. तेवढ्यात दूर ताशा वाजला. वळणावर सर्वांत मोठ्या नंदीचे शिंग दिसू लागले होते. तो पाहण्यासाठी बहीण वर्षभर थांबली होती. तिच्या मनगटावर दोन टिचक्या बसल्या. तिने एकवार वळणाकडे पाहिले, भावाचा हात धरला आणि ती घराकडे वळली.

गोठ्यात ढवळ्या रवंथ करीत होता. भावाने आपला नंदी त्याच्याजवळ ठेवला, पुढे तीन नाणी ओळीने मांडली आणि विचारले, “उद्या?”

“उद्या नाही, पुढच्या वर्षी,” बहीण म्हणाली. “पण आदल्या दिवशी मी सांगेन.”