आधी पाणी, मग लगाम

ट्रॉम्बेला वैशाखात पारा चौतीस-पस्तिसाच्या पुढे सहसा जात नाही. दौंडकडे, मामाच्या गावी, तो बेचाळिशीला टेकतो. तरीही मामाची घोडी उद्या इथे आणून बांधली, तर ती गावापेक्षा इथेच लवकर हैराण होईल. खाडीवरची हवा दमट. घाम येतो, निथळतो, पण सुकत नाही. आणि अंग थंड होतं ते घाम सुकल्याने, नुसता आल्याने नव्हे. भीमेकाठी रपेट मारून आलं की घोडीच्या मानेवरचा घाम बघता बघता वाळतो आणि तंगाच्या कडेने मिठाचा पांढरा पट्टा उमटतो. तो पट्टा दिसला की मला हायसं वाटतं. मिठाची भरपाई करता येते. न सुकणाऱ्या घामापुढे मात्र काही चालत नाही.

*

घोड्याला कुत्र्यासारखं तोंड उघडून धापा टाकता येत नाहीत. तो श्वास घेतो तो फक्त नाकाने. त्यामुळे उष्णता बाहेर टाकायला त्याचा सगळा भरवसा घामावर. धावताना स्नायू जी शक्ती खर्च करतात, तिच्यातली तीन चतुर्थांशाच्या आसपास उष्णता होऊन अंगातच साठते. मोठा घोडा कडक मेहनतीत तासाला १० लिटरच्या पुढे घाम गाळू शकतो.

यात एक अडचण आहे, आणि ती घोडा पाळणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यावी असं मला फार वाटतं. माणसाचा घाम रक्तापेक्षा पातळ. पाणी गेलं की मागे उरलेलं रक्त खारट होतं आणि आपल्याला तहान लागते. घोड्याचा घाम रक्ताहूनही खारट. पाण्याबरोबर मीठही निघून गेल्याने त्याच्या शरीराला तहानेची वर्दी वेळेवर पोचतच नाही. जनावर सुकत चाललेलं असतं आणि बादलीकडे मान वळवत नाही. ‘तहान लागली की पिईल’ हा हिशेब इथे चुकतो. मामी म्हणूनच उन्हाळाभर चंदीत मीठ घालते आणि गव्हाणीत सैंधवाचा खडा ठेवते. घोडी तो येता-जाता चाटत असते.

*

मामाचा नियम सगळ्या भाचरांना पाठ आहे : “आधी पाणी दाव, मग लगाम दाव.”

पाणी सावलीतल्या हौदातलंच. छपरावरच्या काळ्या टाकीतून दुपारी येणारं पाणी घोडी हुंगते आणि सोडून देते. तीनशे किलोच्या आसपासच्या जनावराला एरवी पंधरा-वीस लिटर पुरतं, उन्हाळ्यात त्याच्या दुपटीहून जास्त लागतं. त्यात वैरण म्हणजे कडबा, वाळून खडखडीत झालेला. कोरडा कडबा पोटात आणि पाणी कमी, की आतड्यात गोळा बसतो आणि शूळ उठतो. घोड्याला ओकता येत नाही. पोट लहान, जेमतेम आठ ते पंधरा लिटरचं. वरून सुटका नाही, खालून वाट बंद. घोडी पुन्हा पुन्हा कुशीकडे वळून बघायला लागली, पाय खरडायला लागली, सारखी बसू-उठू लागली, की घरचे उपाय करत न बसता जनावरांच्या डॉक्टरला फोन करायचा. आमच्याकडे तो नंबर गोठ्याच्या भिंतीवर खडूने लिहिलेला आहे.

कडबा कुट्टी करून, पाणी शिंपडून, बराचसा रात्री. हरभरे भिजवूनच, कारण कोरडे हरभरे पोटात जाऊन फुगतात. दुपारी अकरा ते पाच घोडीला कुणी हात लावायचा नाही.

*

पहाटेची तपासणी. मी ती मामाकडून शिकले, आणि रपेटीइतकीच ती मला आवडते.

घोडी चिंचेखाली उभी. अजून पुरतं उजाडलेलं नाही. मामा काही न बोलता तिच्या कुशीकडे बघत उभा राहतो. बरगड्यांमागची खळगी आत-बाहेर होते, ती मोजायची. निवांत घोड्याचा श्वास मिनिटाला आठ ते सोळा. मग खांद्याजवळची कातडी चिमटीत धरून सोडायची. ती झटकन सपाट झाली पाहिजे. उंचवटा रेंगाळला तर अंगात पाणी कमी आहे. मग वरचा ओठ उचलून हिरडीवर अंगठा दाबायचा. दाबलेली जागा पांढरी पडते आणि दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवी. हिरडी ओलसर, बुळबुळीत लागली पाहिजे. बोटाला चिकटली तर खोगीर खुंटीवरच राहतं. शेवटी लीद. गोळे ओले आणि सहज फुटणारे हवेत. कडक, लहान, चकचकीत गोळे पडले की त्या दिवशी रपेट नाही, कोमट पाण्यात कालवलेला कोंडा आणि मीठ.

घोडी या सगळ्याला शांतपणे उभी असते. ओठ उचलला की मात्र दरवेळी मान झटकते आणि मामाच्या बंडीवर लाळेचा डाग पडतो.

*

हा मुलूख घोड्यांचाच. ब्रिटिशांच्या वेळी पुणे जिल्ह्यात भीमथडी नावाचा तालुकाच होता. राजा बढे यांच्या ‘जय जय महाराष्ट्र माझा’ या गीतात भीमथडीची तट्टं आहेत, आणि २०२३ मध्ये ते राज्यगीत झालं. शाळेत उभं राहून ते म्हणणाऱ्या ट्रॉम्बेच्या मुलांनी ते तट्टू पाहिलेलं नसतं. त्यांच्या लेखी घोडा म्हणजे जुहूचा किंवा माथेरानचा.

भीमथडी घोडा दिसायला रुबाबदार नाही. उंची सव्वाचार फुटांच्या आसपास. पाय बारीक दिसतात पण चिवट, खूर टणक. थोड्या चाऱ्यावर, दगडाधोंड्यांतून, उन्हातान्हात चालत राहतो. मराठ्यांच्या लांब पल्ल्याच्या मोहिमा अशाच घोड्यांवर झाल्या. अलीकडे त्याची स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय पातळीवर नोंद झाली. मारवाडी, काठियावाडी, कच्छी-सिंधी, मणिपुरी, स्पिती, झांस्करी आणि भुतिया यांच्यानंतरची ही आठवी. उशीर झाला, पण झालं हे फार चांगलं झालं. उंच, उमदा परप्रांती घोडा घ्यायची हौस आमच्याकडेही बऱ्याच जणांना आहे. पण उष्ण मुलखात लहान अंगाचा घोडा बरा. वजनाच्या मानाने त्याची कातडी जास्त, म्हणून उष्णता लवकर बाहेर पडते.

*

ही जात टिकवली ती कुणा सरदाराच्या पागेने नव्हे, मेंढपाळ धनगरांनी. बारामती, इंदापूर, फलटणकडचे वाडे दिवाळीनंतर मेंढरं घेऊन घाटाकडे, कोकणाकडे उतरतात आणि पावसाच्या तोंडावर परत येतात. वैशाखाच्या शेवटी मामाच्या रानाकडेने एक तरी वाडा जातोच. घोड्याच्या पाठीवर अख्खा संसार : पाल, काठ्या, भांडी, धान्याची पोती, वर पाय बांधलेल्या कोंबड्या, कधी नुकतं जन्मलेलं कोकरू, कधी पोर. लगाम बहुतेकदा बाईच्या हातात. पुरुष मेंढरांमागे. पहाटे निघायचं आणि ऊन चढायच्या आत उतरायचं. उतरल्यावर पहिलं ओझं घोड्याचं सुटतं.

मामी त्यांना हौद मोकळा करून देते. बदल्यात मेंढरं रात्रभर रानात बसतात, रानाला खत मिळतं.

*

शिवाजी महाराजांचं चिपळूणजवळच्या छावणीतल्या अंमलदारांना लिहिलेलं पत्र दरवर्षी या दिवसांत मी काढून वाचते. १६७० च्या दशकातलं आहे. लोक त्यातला रयतेबद्दलचा भाग आठवतात, आणि तो आठवावाच. पण पत्राला कारण आहे घोड्यांचं. लष्कर पावसाळ्यासाठी छावणीला आलेलं. दाणा आणि वैरण साठवलेली. आताच मन मानेल तसं उधळाल तर ऐन पावसाळ्यात काही मिळणार नाही, घोडी मरतील, आणि ती तुम्हीच मारल्यासारखं होईल, असं बजावलं आहे. पुढे आणखी बारीक जाऊन गवताच्या गंजीजवळ आगट्या पेटवू नका, चिलीम ओढताना सांभाळा, रात्री दिवा जळता ठेवू नका, उंदीर पेटती वात पळवून नेईल आणि सगळी वैरण जळेल, असंही.

एका राजाचं लक्ष उंदराच्या तोंडातल्या वातीपर्यंत पोचतं, कारण त्याला माहीत आहे की गवत गेलं तर घोडा गेला आणि घोडा गेला तर राज्य गेलं. मामाची गंज आजही घरापासून लांब, चुलीच्या वाऱ्याबाहेर आहे. वीजपंपाची वायर तिच्यावरून जाते हे मला पटत नाही. यंदा ती हलवून घ्यायचीच.

*

तापलेल्या घोड्यावर गार पाणी ओतू नये, स्नायू आखडतात, असं पूर्वी सगळेच सांगत. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकच्या वेळी हा प्रश्न ऐरणीवर आला. तिथला उन्हाळा उष्ण आणि दमट, म्हणजे आमच्या ट्रॉम्बेसारखाच. आधी बरीच वर्षं संशोधन झालं आणि निष्कर्ष उलटा निघाला : भरपूर गार पाणी, सगळ्या अंगावर, पुन्हा पुन्हा ओतावं. घोड्याच्या अंगाचं तापमान एरवी साडेसदतीस ते साडेअडतीस अंश सेल्सियस. चाळिशीच्या पुढे गेलं तर वाट बघायची नाही, मिळेल तिथून पाणी आणायचं. मामाला हे सांगितलं तेव्हा तो गप्प राहिला. पुढच्या वेळी गेले तर गोठ्याच्या दाराशी नवी रबरी नळी जोडलेली होती.

*

रपेट. खरारा करून, खोगिराखालची घोंगडी झटकून (एक कुसळ राहिलं तरी पाठ सोलते), तंग आवळून निघायचं. पहिला टप्पा नुसती चाल. उजनीचं पाणी या दिवसांत मागे हटलेलं असतं आणि गाळाच्या कडेने वाळूचा मऊ पट्टा उघडा पडतो, त्यावर दुडकी. भरधाव फक्त बांधापर्यंत. घोडीला तिथपर्यंतचा रस्ता ठाऊक आहे, कान पुढे होतात आणि रिकिबीत उभं राहायच्या आत ती सुटलेली असते. तेवढ्या क्षणांसाठी मी वर्षभर थांबते, हे लिहायला मला संकोच नाही.

परतताना पुन्हा चाल, घरापर्यंत. खाली उतरून, तंग सैल करून, तिच्या बरोबरीने.

पाण्याच्या टोकाला रोहित पक्षी उभे. तेच घराजवळ ठाणे खाडीतही दिसतात.

*

ट्रॉम्बेतली लग्नसराई. मानखुर्दच्या बाजूने वरातीची पांढरी घोडी येते. संध्याकाळी साडेपाचला डांबर इतकं तापलेलं असतं की हात टेकवत नाही. अंगावर जरीची झूल, डोळ्यांवर झिरमिळ्या, मागे बँजो, पुढे फटाके. झुलीखाली घाम सुकणार कसा? मुंबईतल्या व्हिक्टोरिया गाड्या बंद करण्याचा निकाल उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये दिला. वरातीची घोडी राहिली, तिचा मालकही तिच्यावरच पोट भरतो. मी त्याच्याशी बोलले. त्याला सगळं कळतं; लग्नघरं ऐकत नाहीत, म्हणाला. मग बोलायचं ते लग्नघरांशी. वरात दिवेलागणीनंतर काढा. झूल हलकी, सुती. मांडवाच्या दाराशी एक टब पाणी आणि नवरदेव उतरल्यावर घोडीला सावलीत पंधरा मिनिटं. फटाके मागे, लांब. आमच्या गल्लीतल्या दोन घरांनी हे मानलं. टबातलं पाणी घोडीने एका दमात अर्धं संपवलं, ते बघायला वऱ्हाडातली पोरं गोळा झाली.

*

अंकलीहून, म्हणजे बेळगावच्या चिकोडी भागातून, शितोळे सरकारांचे दोन अश्व ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीसाठी आळंदीला येतात. सुमारे ३०० किलोमीटर, पायी, पावसाच्या तोंडावरच्या उकाड्यात. एकावर स्वार. दुसऱ्याची पाठ मोकळी, ती माउलींसाठी. रिंगणात तो मोकळ्या पाठीचा घोडा धावतो आणि लोक त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावतात. मामी तुकोबांच्या पालखीबरोबर बेलवाडीपर्यंत चालत जाते, तिथल्या रिंगणासाठी. परत आल्यावर पायाचे फोड दाखवत नाही, घोडा कसा धावला तेच सांगते.

*

नालबंद पाच-सहा आठवड्यांनी येतो, उन्हाळ्यात खुराला बारीक भेगा जातात म्हणून जरा लवकर. आमच्या भागात आता एकच उरला आहे. त्याचा मुलगा पुण्याजवळच्या घोड्यांच्या फार्मवर कामाला लागला, हे त्याने अभिमानाने सांगितलं. विद्या घरात राहिली.

*

मामाचा फोन. वळवाचे दोन सडाके झाले. ज्वारीच्या धसकटांना कोवळे फुटवे आलेत. ते विषारी, किरळ लागते म्हणून गुरं तिकडे सोडत नाहीत, आणि घोडीलाही नाही. बांधावरचं नवं गवत तिला एकदम द्यायचं नाही, कडब्यात मिसळून, रोज थोडं वाढवत, आठ-दहा दिवसांत. गंज अजून निम्मी शिल्लक आहे. वायरचं बोलणं वायरमनशी झालंय, बुधवारी येतो म्हणाला.