दोन पासपोर्ट, एक सायकल

टँडेम सायकलीवर बसलेल्या दोघांना दोन वेग ठेवता येत नाहीत. हँडल, ब्रेक आणि गिअर पुढच्याच्या हातात. मागच्याच्या वाट्याला पायडल आणि पुढच्याची पाठ. दोघांची पायडलं एका चेनने जोडलेली असतात, त्यामुळे एकाचे पाय थांबले की दुसऱ्याचेही थांबतात. आमच्या सायकलीवर नवरा पुढे, मी मागे. तो डच, मी पुण्याची. चढ असो की समोरून येणारा वारा, आम्ही बरोबरच दमतो. आमच्यात फरक पडतो तो फक्त देशांच्या सीमेवर.

अटलांटिकच्या किनाऱ्यापासून काळ्या समुद्रापर्यंत जाणारा युरोव्हेलो ६ हा सायकलमार्ग बराचसा डॅन्यूबच्या सोबतीने जातो. हंगेरीतलं मोहाच सोडून आम्ही क्रोएशियातल्या बाटिनाला पोचलो. १ जानेवारी २०२३ पासून क्रोएशिया शेंगेन क्षेत्रात, म्हणजे आपापसातल्या सीमांवर पासपोर्ट न तपासणाऱ्या देशांत आहे, त्यामुळे वाटेत कुणी हटकलं नाही. बाटिनाच्या पुलावर मात्र शेंगेन संपतं, पलीकडे सर्बिया. नवऱ्याचा पासपोर्ट उघडला आणि मिटला. माझ्या पासपोर्टची पानं मात्र पुढून मागे, मागून पुढे उलटली जात होती. वैध शेंगेन व्हिसा असेल तर भारतीयाला सर्बियाचा वेगळा व्हिसा लागत नाही. पण तो एकाच प्रवेशाचा असेल, तर बाहेर पडल्यावर परतीचं दार बंद. माझा अनेक प्रवेशांचा होता. तो तसा आहे हे कुणीतरी सावकाश वाचत होतं.

गंमत म्हणजे पुलाखालच्या नदीत नेमकी रेघ कुठे, यावर त्या दोन देशांचंच एकमत नाही. एकोणिसाव्या शतकात डॅन्यूबची वळणं कापून प्रवाह सरळ केला गेला. क्रोएशिया जुन्या पात्राचा सातबारा पुढे करतो, सर्बिया आजच्या प्रवाहाचा मध्य धरतो. देशांची हद्द अशी वादात राहिली तरी चालतं. प्रवाशाच्या कागदात खाडाखोड चालत नाही.

ज्याच्या नावाने शेंगेन क्षेत्र ओळखलं जातं, ते शेंगेन हे लक्झेंबर्गमधलं मोझेल नदीकाठचं गाव. १४ जून १९८५ रोजी तिथे एका बोटीवर पाच देशांनी करार केला. आज मोझेलच्या काठाने सायकल हाकताना जर्मनी, फ्रान्स, लक्झेंबर्ग कधी बदलले ते पाट्यांवरून कळतं. नवऱ्याला तिथे सीमाच नाही असं वाटतं. माझी सीमा मी आधीच ओलांडलेली असते, हजारो किलोमीटर अलीकडे, व्हिसाच्या खिडकीशी: बोटांचे ठसे, बँकेची स्टेटमेंटं आणि मुक्कामांची बुकिंगं. संध्याकाळी कुठे पोचू हे सकाळी सांगता न येणाऱ्या सायकलस्वाराने महिनाभर आधी मुक्काम सांगायचे!

सुनौलीला पारडं फिरलं. उत्तर प्रदेशातल्या या गावाच्या कमानीपलीकडे नेपाळचं बेलहिया. १९५० च्या करारामुळे भारतीयांना नेपाळचा व्हिसा लागत नाही. ओळखपत्र खिशात ठेवून माणसं बाजाराला जावं तशी ये-जा करत होती. नवऱ्याला मात्र आधी भारतातून निघाल्याचा शिक्का, मग नेपाळचा फॉर्म आणि पंधरा दिवसांच्या व्हिसाचे तीस डॉलर. नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढे. माझं घड्याळ तेवढं पुढे करून सायकल धरून उभी असताना माझ्या मनात आलं, एवढा काय वेळ लागतो याला?

बाटिनाला त्याच्या चेहऱ्यावर मला दिसला होता तो हाच प्रश्न. ज्याला सवलत मिळते त्याला ती सवलत वाटत नाही. तो तिला जगाचा नेहमीचा वेग समजतो. वेगवेगळ्या सायकली असत्या, तर ज्याचा पासपोर्ट हलका तो पुढे जाऊन कॉफी पीत बसला असता आणि दुसऱ्याचं थांबणं रात्री जेवताना सांगायचा किस्सा झालं असतं. टँडेमवर ती सोय नाही. ज्याचे कागद जड, त्याच्या वेगाने दोघं.

आता युरोपातला मार्ग आखताना नवरा चढ नंतर बघतो. आधी माझा व्हिसा कुठे चालतो ते बघतो. नेपाळचा विषय निघाला की ते काम माझं.